व्हिसाचं मेडिकल वेगळं, कामाचं मेडिकल वेगळं

(दोह्यातल्या कॅम्पवर शुक्रवारी दुपारी केलेलं बोलणं)

भावांनो, जेवणं झाली असतील तर दहा मिनिटं बसा. मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला सुपरवायझर आहे, आणि आज थोडं माझ्याच चुकीबद्दल बोलायचंय.

मेडिकल झालंय का म्हणून विचारलं की सगळे म्हणतात, झालंय की! मुंबईत झालं, इथं उतरल्यावर परत झालं. खरंय. पण ते कशासाठी होतं? टीबी, एचआयव्ही, कावीळ असलं काही तुम्ही घेऊन येत नाही ना, हे बघायला. म्हणजे तुमच्यापासून दुसऱ्याला धोका आहे का, एवढंच. कामापासून तुम्हाला काय झालं, ते त्यात कुणी बघत नाही. त्यासाठी ठरावीक काळानं पुन्हा तपासावं लागतं आणि जुन्या कागदाशी ताडून बघावं लागतं.

माझ्या आधीच्या साइटवर एक टाइल मिस्त्री होते, जळगावकडचे. मी त्यांना दादा म्हणायचो. ग्रॅनाइट असा कापायचे की बघत राहावं. पण दिवसभर कोरडंच कापणं, तोंडाला गमछा. पाणी लावून कापा, हे मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पाण्यानं चिखल होतो, काम मागं पडतं, आणि वरून माझ्यामागे लकडा. पुढं जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. "साहेब, वय झालं आता," म्हणाले. बेचाळीस वर्षांचे होते! खोकला लपवायचे, कारण अनफिटचा शिक्का बसला तर घरचं कर्ज कोण फेडणार? सुट्टीवर गेले, तिकडे आधी टीबीची औषधं चालू झाली. एक्स-रेत डाग सारखेच दिसू शकतात, आणि दगड कापता का, हे कुणी विचारलंच नाही. नंतर कळलं, सिलिकोसिस.

काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल, सगळ्यांत सिलिका असते. कपड्यावर बसते ती धूळ दिसते तरी. खोल फुफ्फुसात जाते ती डोळ्याला दिसत नाही, आणि गमछ्यानं अडत नाही. तिथं झालेला व्रण परत भरून येत नाही. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो, आणि टीबीचा धोकाही वाढतो. बहुतेकांना दहा-वीस वर्षांनी त्रास जाणवतो. म्हणून बरं वाटतंय तेव्हाच तपासायचं असतं: छातीचा एक्स-रे, आणि नळीत जोरात फुंकायची ती तपासणी.

ब्रेकर चालवणाऱ्यांनी कानांची तपासणी मागा. शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्तच आहे. आणि उन्हात काम करणाऱ्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन बघून घ्या. ऊन आणि कमी पाणी किडनीवर येतं. लघवीला जायला लांब पडतं म्हणून पाणी न पिणारे इथं बसलेत, मला नावं माहीत आहेत.

हे कुणाच्या मेहेरबानीवर नाही. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यात धोक्याच्या कामावरच्या माणसांची ठरावीक काळानं तपासणी करायची जबाबदारी मालकावर आहे. उन्हाबद्दलच्या २०२१ च्या नियमात वर्षातून एकदा तपासणी आहे. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम बंद, हाही त्यातलाच नियम. कामामुळे झालेल्या आजाराचा खर्चही मालकाचाच.

तुम्ही म्हणाल, साहेब, कायदा कागदावर, आणि तपासणीत काही निघालं तर आम्हाला घरी धाडतील. ही भीती खोटी नाही, तसं झालेलं मी बघितलंय. पण दादांच्या हातात आज एकही जुना रिपोर्ट नाही. आजार इथल्या कामानं झाला, हे दाखवायचं कशानं? म्हणून रिपोर्टची प्रत मागा, मोबाइलवर फोटो काढा आणि घरी पाठवून ठेवा. कुठल्या साइटवर, किती महिने, काय कापलं, तेही वहीत लिहा. इथून घरी गेल्यावर डॉक्टरला पहिलं हेच सांगा.

उद्यापासून माझ्या गँगमध्ये कोरडं कापणं बंद. काम मागं पडलं तर बोलणी मी खाईन. मास्क दाढीवर नीट बसत नाही, तेवढं बघा. आणि कटिंग, चिपिंग, ब्रेकरवाले, जाताना या कागदावर नाव आणि किती वर्षं हे काम करताय ते लिहा. यादी सेफ्टी ऑफिसरकडे मी स्वतः नेणार आहे, पहिलं नाव माझंच आहे.