फुटबॉलचा संघ आणि प्रशिक्षकांची अदलाबदल

लोहा तालुक्यांतील माळेगांवीं खंडोबाची मोठी यात्रा भरते व तेथें घोड्यांचा बाजार भरतो, हें श्रोत्यांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. शिंगरूं घेणारा जाणता मनुष्य एक गोष्ट विसरत नाहीं. स्वार वरचेवर बदलले आणि प्रत्येकानें आपल्या मर्जीप्रमाणें लगाम ओढला, तर उत्तम जातीचें जनावरही बिघडतें. फुटबॉलच्या संघासही हाच न्याय लागू पडतो.

चार सामने हरले कीं प्रशिक्षकास निरोप द्यावा, ही जगभरची रीत झाली आहे. प्रेक्षक चिडलेले असतात, मालकांस तातडीचा उपाय हवा असतो, आणि अकरा खेळाडूंपेक्षां एक मनुष्य बदलणें सोपें जातें. परंतु नवा गुरु नवी पद्धति घेऊन येतो. त्यास निराळे खेळाडू हवे असतात. त्यांची जुळणी होते न होते तोंच तिसरा येतो.

मुंबई सिटी हा क्लब 2014 सालीं स्थापन झाला. पहिल्या तीन हंगामांत त्यानें पीटर रीड, निकोला अनेल्का व अलेक्झांडर गिमाराईश असे तीन प्रशिक्षक पाहिले. विजेतेपद मात्र लाभलें नाहीं. 2019 सालीं सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी संस्थेनें क्लबाचा 65 टक्के हिस्सा घेतला. पुढें सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखालीं 2020-21 च्या हंगामांत इंडियन सुपर लीगची साखळी व अंतिम सामना हे दोन्ही मान संघानें मिळविले. लोबेरा गेले, डेस बकिंगहॅम आले. 2023 सालीं तेही गेले आणि पीटर क्रात्की आले. तरी 2022-23 ची साखळी आणि 2024 चा अंतिम सामना संघानें जिंकलाच. हे दोघेही त्याच संस्थेच्या मेलबर्न येथील क्लबांतून आलेले होते. गवयांच्या भाषेंत सांगावयाचें तर, गुरु बदलले, घराणें बदललें नाहीं.

गोव्याच्या धेंपो क्लबाची कथा याहून निराळी. तेथें आर्मांदो कुलासो यांनीं एक तपाहून अधिक काळ एकहातीं संघ घडविला व पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद आणलें. ते 2013 सालीं दूर झाले आणि दोनच वर्षांनीं संघ खालच्या श्रेणींत घसरला. धोरण एका माणसाच्या डोक्यांत राहिलें, तर त्याच्यामागें तें पोरकें होतें, हा यांतील बोध.

मात्र पेरलेलें सर्वच वायां जात नाहीं. 2024 सालीं धेंपोनें आय-लीगमध्यें पुन्हां प्रवेश मिळविला, तेव्हां संघाचे प्रशिक्षक होते कुलासोंच्या हाताखालीं खेळलेले समीर नाईक.

खेळाडूचें मैदानावरील आयुष्य दहा-बारा वर्षांचें. त्यांतील निम्मीं वर्षें नव्या गुरूची मर्जी ओळखण्यांत गेलीं, तर ती हानि कोणतेंही विजेतेपद भरून काढीत नाहीं. म्हणून पराभवानंतर क्लबाच्या चालकांनीं आधीं विचारावें तें हें : चुकलें तें माणसाचें, कीं आपल्या योजनेचें?