ज्या दुखण्याबद्दल बोलत नाहीत
(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी वैद्यकातला नव्हे; फायलींच्या रगाड्यात आयुष्य काढलेला सरकारी नोकर. तरीही गुदाशयाच्या कर्करोगावर बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण आपल्या घरांत हा शब्दच उच्चारला जात नाही. रक्त पडले की 'मूळव्याध असेल' म्हणायचे आणि कामाला लागायचे!

लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली या रोगावरील मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. गुदाशय आणि गुदद्वार समूळ काढायचे व मलविसर्जनासाठी पोटावर कायमची वाट ठेवायची. पुढेही कित्येक दशके शस्त्रक्रियेनंतर अनेकांना रोग त्याच जागी पुन्हा उद्भवे, आणि दोष रोगाच्या माथी मारला जाई.

बिल हील्ड हे बेसिंगस्टोक या इंग्लंडमधील गावी जिल्हा रुग्णालयात कन्सल्टंट, म्हणजे तिकडच्या पद्धतीप्रमाणे सर्वांत वरच्या दर्जाचे डॉक्टर, होते. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते. रोगाचे सूक्ष्म अंश त्यातच मागे राहत असावेत, असे त्यांनी १९८२ साली सहकाऱ्यांसह मांडले. हाताने ओढून गुदाशय मोकळा करण्याच्या रूढ रीतीत ते वेष्टन फाटे. हील्ड यांनी ते डोळ्यांदेखत, धारदार हत्याराने, अखंड सोडवून काढण्याचा आग्रह धरला. नवे औषध नाही की नवे यंत्र नाही!

१९९०च्या दशकात त्यांनी स्टॉकहोमच्या शल्यवैद्यांना ही रीत प्रत्यक्ष शिकवली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. गुदद्वार काढण्याची वेळ पूर्वी निम्म्याहून अधिक रुग्णांवर येई. ती सुमारे चौथ्या हिश्श्यावर आली. वरिष्ठ झाल्यावर काम खाली ढकलावे, हे आम्हा कचेरीवाल्यांचे शास्त्र. हा गृहस्थ मात्र शिकवायला परमुलखात गेला.

आता आपल्यापुरते. रक्त पडत असेल, शौचाची नेहमीची सवय बदलली असेल, तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. बोटाने करावयाच्या तपासणीला मिनिटभरही लागत नाही. पिशवी लावावी लागली तरी माणूस नोकरी करतो, प्रवास करतो, आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकात कामही करू शकतो. खरी अडचण निराळीच आहे. आपल्या कित्येक भगिनींना येथल्या भाषेत भाजी घेता येते, पण असले दुखणे डॉक्टरांना सांगता येत नाही, आणि ते मुलाच्या तोंडून सांगवतही नाही. ज्या भगिनींना ही भाषा चांगली अवगत आहे, त्यांनी सोबत जाण्याची तयारी असल्यास आपली नावे आजच चिटणिसांकडे द्यावीत.