समुद्राचे पोट आणि संगणकाची तोकडी स्मृती



विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. कामगारांच्या सभा, वाचनालये आणि जाणत्यांना विचारलेले प्रश्न, हीच माझी शाळा. तेव्हा विषय मला समजला तसा मांडतो. माहितीचा साठा संगणकाच्या स्मृतीपेक्षा कितीतरी मोठा असला, तर त्याचे चित्र त्याच संगणकावर पाहता येईल काय?

उदाहरण आपल्याच समुद्राचे घेऊ. आगाशीकरांना अर्नाळ्याचा किनारा परका नाही. याच अरबी समुद्रात, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९६४ ते १९६७ या काळात सोव्हिएत आणि भारतीय तंत्रज्ञांनी जहाजावरून पाहणी करताना त्याचा शोध लावला. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेथे तेल गाठले.

अशा पाहणीत आज जहाजावरून दाबलेल्या हवेचे दणके पाण्यात सोडतात. आवाज तळाखालच्या थरांवर आदळून परततो, आणि जहाजामागे ओढलेल्या लांब केबलीतील यंत्रे तो टिपतात. त्यातून भूगर्भाचा लांबी, रुंदी आणि खोली असलेला घन उभा राहतो.

आता हिशेब करू. समजा लांबीला २,०००, रुंदीला २,००० आणि खोलीला १,५०० बिंदू आहेत. एकूण ६०० कोटी बिंदू झाले. प्रत्येकाला ४ बाइट धरले, तर २,४०० कोटी बाइट. साध्या संगणकाची स्मृती ८ गिगाबाइट, म्हणजे सुमारे ८६० कोटी बाइट. गाडे येथे अडते.

परंतु पडद्यावर ठिपके किती असतात? १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २१ लाखांच्या आत. मग सारे ६०० कोटी बिंदू एकाच वेळी कशाला हवेत? सुटकेची वाट येथेच आहे.

पहिली युक्ती मांडणीची. रोजकीर्दीत एकाचे खाते शोधायचे तर सारी पाने चाळावी लागतात. खतावणीत ते एके ठिकाणी मिळते. तसेच घनाचे ६४ बिंदू बाजूचे ठोकळे पाडून डिस्कवर ठेवतात. असा एक ठोकळा साधारण साडेदहा लाख बाइटांचा. नजरेसमोर जे ठोकळे येतील तेवढेच स्मृतीत आणायचे, काम झालेले सोडून द्यायचे.

दुसरी युक्ती ठोकळ चित्राची. शेजारच्या आठ बिंदूंची सरासरी काढून एक बिंदू केला, की २,४०० कोटींचे ३०० कोटी होतात. पुन्हा तसेच केले, की साडेसदतीस कोटी. दुरून पाहताना हे लहान चित्र दाखवायचे, जवळ जाऊ तेथे मूळ बारकावा आणायचा.

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. कारखान्यातील सरासरी मजुरी सांगणाऱ्याला मी नेहमी विचारतो, सर्वांत कमी कोणाला मिळते? येथेही तेच विचारायला हवे. परतलेल्या लाटांचे आकडे धन असतात तसे ऋणही असतात. सरासरीत ते एकमेकांना खाऊन टाकतात. तळाखाली उथळ जागी वायूचा लहानसा साठा असेल, तर त्याची ठळक खूण अशी पुसली जाऊ शकते. त्या साठ्यात नकळत छिद्र पडले, तर वायू उसळतो, आणि जीव धोक्यात येतो तो फलाटावर राबणाऱ्या माणसांचा.

उपाय महागडा नाही. प्रत्येक ठोकळ्याची सरासरी ठेवतानाच त्यातील सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडाही लिहून ठेवायचा. आपल्या उदाहरणात ठोकळे सुमारे साडेचोवीस हजार. त्यांचे दोन-दोन आकडे म्हणजे काहीच ओझे नाही. ज्या ठोकळ्याची टोके फार लांब, तो मूळ रूपात उघडून पाहायचा. ज्यात दोन्ही टोके जवळजवळ सारखी, तो खुशाल वगळायचा.

मोठे यंत्र ज्याच्या पदरी, त्यालाच समुद्राचे पोट दिसावे, असे मुळीच नाही. कामगारांच्या प्रतिनिधीलाही साध्या संगणकावर ते पाहता येईल. त्याने फक्त दोन गोष्टी मागून घ्याव्यात : चित्र दाखवताना काय वगळले, आणि वगळलेल्याची टोके कोठे नोंदली आहेत. ही मागणी करण्यास पदवी लागत नाही.