अनंतगिरीची प्रदक्षिणा

हैदराबादच्या पश्चिमेस विकाराबादजवळ अनंतगिरीच्या टेकड्या आहेत. शहरातून मोईनाबाद, चेवेल्ला, मन्नेगुडा या वाटेने तेथे जावयाचे व शंकरपल्लीच्या बाजूने परतावयाचे, अशी सुमारे दीडशे किलोमीटरांची प्रदक्षिणा सायकलस्वारांना नेहमीच मोह घालते.

नकाशा पाहणाऱ्यास हा प्रवास मुळीच अवघड वाटत नाही. हैदराबादची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर, तर विकाराबादची सुमारे ६४० मीटर. म्हणजे चढ अवघा शंभर मीटरांचा. स्वार, सायकल व शिदोरी मिळून वजन ८० किलो धरले, तर ते शंभर मीटर वर नेण्यास सुमारे ७८,००० ज्यूल कार्य करावे लागते. शरीर अन्नातील शक्तीपैकी साधारण चौथा हिस्साच पेडलवर उतरविते, हे जमेस धरले तरी एका केळ्याने हे काम भागावे!

मग पट्टीचे स्वारही या वाटेवर का थकतात? कारण नकाशा दोन गावांच्या उंचीतील वजाबाकी दाखवितो, तर पायांना प्रत्येक चढाची बेरीज करावी लागते. वीस मीटरांचे दहा चढ चढून तितकेच उतरले, तर वजाबाकी शून्य येते. पायांनी मात्र दोनशे मीटर चढलेले असतात. उतारावर हाती आलेली शक्ती शिलकीत पडत नाही. तिच्यातील थोडी पुढच्या चढाच्या आरंभी उपयोगी पडते. बाकीची वारा खातो आणि ब्रेक खातात. शिवाय वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो छातीवर येतो आणि परतताना पाठीशी उभा राहतो.

वाटेत भूमीही आपले रूप पालटते. हैदराबादचे ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे मागे पडतात, पुढे काळा बेसॉल्ट लागतो, आणि विकाराबादच्या उंचवट्यावर तांबड्या जांभ्याचे माळ पसरलेले दिसतात. या उघड्या माळांवर सावली दुर्मिळ; म्हणून चेवेल्ल्याच्या रस्त्यावरील जुन्या वडांचे मोल स्वारालाच अधिक कळते. रस्तारुंदीच्या योजनेमुळे या वडांचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला होता. मोटारीला ते वड अडथळा वाटले असतील. सायकलस्वाराची ती धर्मशाळाच होय.

अनंतगिरी हे मुसी नदीचे उगमस्थान. २८ सप्टेंबर १९०८ रोजी याच नदीने हैदराबादेत हाहाकार उडविला. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पूरनियंत्रणाची योजना आखली गेली आणि १९२० साली गंडीपेटचा उस्मानसागर पुरा झाला. नदी जो उतार सहज उतरून येते, तोच स्वाराला उलट चढावा लागतो.

घाट चढताना गिअरचे महत्त्व कळते. साधी एकगिअरी सायकल पेडलच्या एका फेरीत पाच-सहा मीटर पुढे जाते. पुढच्या व मागच्या चक्राचे दाते सारखे असतील तर ती दोन मीटरांच्या थोडीच पुढे जाते. अंतर घटते, पण त्याच प्रमाणात पायांवरील भारही घटतो. १९०३ साली सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्राला १९३७ पर्यंत मज्जाव होता. हलका गिअर म्हणजे दुबळेपणा, अशीच तेव्हा समजूत होती. आजही कित्येक तरुण स्वार त्याच अभिमानाने जड गिअरवर घाट चढू पाहतात आणि अर्ध्यावरच गुडघे धरून बसतात.

तथापि खरी कसोटी शिखरावर लागते. पद्मनाभस्वामींच्या देवळापाशी पोहोचलेल्या स्वाराला वाटते, की काम संपले. वस्तुतः अर्धी वाट उरलेली असते, पाणी संपत आलेले असते आणि ऊन चढत असते. घाटातील बहुतेक अपघात चढावर होत नाहीत. थकलेल्या हातांनी व सैल झालेल्या मनाने उतरताना होतात. वळणाच्या आधीच वेग आवरावा, दोन्ही ब्रेक जपून वापरावेत, एकसारखे दाबून धरू नयेत, हे साधे नियम त्या क्षणी आठवले पाहिजेत.

इटलीत कोमो सरोवराजवळच्या एका चढावर गिझाल्लोच्या मातेचे छोटे प्रार्थनामंदिर आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. हे मंदिर चढाच्या माथ्यावर आहे, हे मोठे अर्थपूर्ण वाटते. माथ्यावर क्षणभर थांबावे, श्वास स्थिर करावा, ब्रेक तपासावेत आणि उरलेल्या शक्तीचा प्रामाणिक हिशेब मांडावा. तो पुरा पडत नसेल, तर विकाराबाद स्थानकावरून आगगाडीने परत येण्यात कमीपणा नाही. प्रदक्षिणा दुसऱ्या रविवारीही पुरी करता येते. स्वार मात्र त्या संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचला पाहिजे.