पडताळणीचा नमुना आणि कामगाराची भाकर

(बंगळूरच्या इंदिरानगर भागात कार्यकर्त्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण जेथे जमलो आहोत तेथून जवळच, १९४० साली वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या सहभागाने उभारलेला विमान कारखाना आहे. या कारखान्याभोवती कामगारांच्या दोन पिढ्या वाढल्या. म्हणून सुरक्षाविषयक पडताळणीचा प्रश्न येथे मांडणे उचितच आहे.

केंद्र सरकारच्या सेवेत रुजू होणाऱ्यास साक्षांकन नमुना भरावा लागतो. आईवडील, भावंडे, पती वा पत्नी यांचे राष्ट्रीयत्व व जन्मस्थान त्यात विचारलेले असते; मुले परदेशी राहत असल्यास तेही. माथ्यावरच ताकीद असते की, खोटी माहिती देणे वा माहिती दडविणे ही अपात्रता समजली जाईल. त्यानंतर चौकशी होते. आणि प्रतिकूल अहवालातील मजकूर उमेदवाराला सहसा कळतच नाही.

मी भाषांतराचे काम करतो. 'दडविणे' आणि 'राहून जाणे' ही दोन क्रियापदे मराठीत निरनिराळी आहेत. पहिल्यात हेतू आहे, दुसऱ्यात नाही. फाळणीपूर्वी कराचीस गेलेल्या मामाचा पत्ता एखाद्या कोकणी मुसलमान उमेदवाराला ठाऊक नसेल, तर त्याने काय दडविले? साहेबांचे चिरंजीव अमेरिकेत असणे हे भूषण, आणि कामगाराचे नातलग सीमेपलीकडे असणे हा संशय, हा कोणता न्याय?

कॉम्रेड्स, संशयाचे हे हत्यार आपल्या चळवळीला नवे नाही. १९४९ साली रेल्वेसाठी राष्ट्रीय सुरक्षेचे खास नियम झाले. त्यांखाली बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांना, ते कम्युनिस्ट आहेत व सार्वत्रिक संपाची तयारी करीत आहेत, म्हणून घरी बसविण्यात आले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अपिले फेटाळली. संघटना करण्याचा हक्क तुम्हांला आहे, सरकारी नोकरीत राहण्याचा नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

अमेरिकेत १९५४ साली अणुशास्त्रज्ञ ओपेनहायमर यांची सुरक्षा-मान्यता काढून घेण्यात आली. पत्नी आणि भाऊ यांचे कम्युनिस्टांशी जुने संबंध आणि एका जुन्या प्रसंगाची त्यांनी दिलेली चुकीची हकिकत, ही दोन्ही कारणे त्यांच्यावर लादण्यात आली. ती चौकशीच सदोष होती, असे मान्य करून तेथील सरकारने २०२२ साली तो आदेश रद्द केला. तोवर ओपेनहायमर यांना जाऊन ५५ वर्षे लोटली होती!

आपल्याकडील न्यायालयांनीही पुढे काही पावले टाकली. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाची नोकरी पोलिसांच्या अहवालावरून गेली होती. तो शिक्षक संघ व जनसंघाच्या कार्यात होता, म्हणजे आपल्या विरोधी गोटातला. तरीही १९८३ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी राजकीय मतासाठी पोलिसांनी नोकरी हिरावणे अमान्य केले, आणि ते तत्त्व आपलेच आहे. २०१६ साली अवतारसिंग खटल्यात, प्रामुख्याने फौजदारी खटल्यांची माहिती न देण्याच्या संदर्भात, न्यायालयाने सांगितले की, नमुन्यातील प्रश्न नेमका हवा. जे विचारलेच नाही ते दडविल्याचा ठपका ठेवता येणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये 'मीडिया वन' या मल्याळी वाहिनीच्या खटल्यात, गृहखात्याने सुरक्षा-मान्यता नाकारून कारणे मोहोरबंद पाकिटात ठेवली होती; राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की न्याय्य सुनावणी संपते, हे न्यायालयाने मानले नाही.

देशाची गुपिते राखलीच पाहिजेत. त्याविषयी कामगारवर्गाला कोणी धडा देण्याची गरज नाही. परंतु नाते हा गुन्हा नव्हे आणि विस्मरण हे कारस्थान नव्हे.

म्हणून दोन कामे आपल्यापुढे आहेत. पहिले घरचे आहे. नोकरी जाईल या भीतीने कोणीही नातलगाचे नाव गाळू नये. खरे नाते क्वचितच घात करते. गाळलेले नाव मात्र दुसऱ्याच्या हाती सुरा देते. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असेच लिहावे, प्रत जवळ ठेवावी, आणि युनियनच्या कार्यालयात नमुना समजावून देणारा माणूस असावा.

दुसरे काम लढ्याचे आहे. नमुना कामगाराच्या भाषेत मिळाला पाहिजे. नकाराचे कारण लेखी मिळाले पाहिजे. राहून गेलेली माहिती भरण्याची संधी आणि नकाराविरुद्ध अपिलाची सोय असली पाहिजे. या मागण्या प्रत्येक कारखान्याच्या दारात घेऊन जाऊ या.

लाल सलाम!