पुस्तक मागणाऱ्याला पुस्तक द्या

सोयाबीनची मळणी मागे ठेवून एसटीने, दुचाकीवर बसून इथं आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

तुम्ही मला या संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत. थेट मुद्द्यावर येतो. माझ्या हातातली ही वस्तू मागच्या रांगेपर्यंत दिसावी म्हणून वर धरतो. ही झेरॉक्स आहे. मूळ ग्रंथ आपल्याच राज्यातल्या एका विद्यापीठाने छापलेला आहे. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण माझं भांडण एका दाराशी नाही. आपल्या भागातली जुनी कागदपत्रं, म्हणजे महजर, वतनपत्रं, कौलनामे, मोडीतून देवनागरीत उतरवून त्यात दिली आहेत. माझ्या आजोळच्या गावाचं नाव त्यात आहे, आणि गावच्या बलुतेदारांची नावंही आहेत.

हा ग्रंथ विकत घ्यायला मी गेलो होतो. विक्री विभाग परीक्षा विभागाच्या मागे, जिन्याखाली. तिथला कर्मचारी भला माणूस होता. त्याने यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "यादीत आहे साहेब, पण साठा गोदामात आहे. किल्ली भांडारपालांकडे असते. ते निवृत्त झाले आणि जागा भरलेली नाही." गोदामाच्या खिडकीला जाळी होती. आत सुतळीने बांधलेले गठ्ठे, वरच्या गठ्ठ्यावर वाळवीची माती. मला हवा असलेला ग्रंथ दहा फुटांवर होता, त्याच्या पाठीवरचं नाव मला वाचता येत होतं. मी पैसे हातात घेऊन उभा होतो आणि रिकाम्या हाताने परत आलो. पुढे एका वयोवृद्ध प्राध्यापकांनी त्यांची प्रत दिली, तिची ही झेरॉक्स. मूळ कागदांच्या छायाचित्रांची पानं बघा. शिक्क्याच्या जागी काळा गोळा, मोर्तबाच्या जागी काळा डाग. ज्या पुराव्यासाठी ग्रंथ छापला तोच पुरावा वाचता येत नाही.

आजचं माझं भाषण त्या दहा फुटांबद्दल आहे. विद्यापीठाने पुस्तक छापणं हे अर्धं काम आहे. मागणाऱ्याच्या हातात ते पडेपर्यंत काम पुरं होत नाही. आणि आपल्या विद्यापीठांनी हे उरलेलं अर्धं काम आपलं मानलेलंच नाही, असा माझा आरोप आहे.

आपण वऱ्हाडात बसलो आहोत, म्हणून रिद्धपूरपासून सुरुवात करतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन विचारलं. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतलं. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर तो फरकही पोथ्यांत नोंदलेला सापडतो. आजच्या कोणत्याही विभागप्रमुखाला आदर्श वाटावी अशी ही संशोधनाची शिस्त होती, आणि तिच्यातून रिद्धपूरला लीळाचरित्र झालं. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. कित्येक शतकं ते बाहेरच्यांना वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कुलूप उघडलं. महानुभावांनी कुलूप लावलं ते ग्रंथ जपण्यासाठी. आपण छापील ग्रंथांना गोदामात कुलूप लावतो, ते कशासाठी?

वि. भि. कोलते हे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढलं. २०२४ साली ॲन फेल्डहाउस यांनी केलेल्या लीळाचरित्राच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड आला. डाव्या पानावर देवनागरीत मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. कोणी काढला? अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने. त्याआधी महानुभावांच्याच स्मृतिस्थळाचा अनुवाद १९९२ साली हवाई विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला होता. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'चा अनुवाद २०११ साली ऑक्सफर्डने काढला. या अनुवादकांना मी हात जोडतो. त्यांनी केलं ते प्रेमाने आणि कष्टाने केलं. पण रिद्धपूरचा ग्रंथ हार्वर्डला पोचतो आणि रिद्धपूरपासून पन्नास किलोमीटरवरच्या महाविद्यालयातल्या मुलीला तो झेरॉक्सवर वाचावा लागत असेल, तर त्याची लाज हार्वर्डला वाटायची की आपल्याला?

कोणी म्हणेल, मराठी विद्यापीठांना हे जमणारं नाही. हे खोटं आहे. जमलं होतं. शं. गो. तुळपुळे यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' पुणे विद्यापीठाने १९६३ साली छापलं. दगडावर कोरलेली मराठी जिथं एका जागी वाचायला मिळते तो हा ग्रंथ. मराठी किती जुनी, हा वाद घालणाऱ्या प्रत्येकाला आजही त्याच्या दारात जावं लागतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघालं. त्याचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार स्वतः कागदपत्रं घेऊन बसले आणि ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड विद्यापीठाच्या नावाने निघाले. कुलगुरूच्या टेबलावर निविदांच्या फायलींबरोबर मोडी कागदांचे रुमालही असत, असा तो काळ. त्याच विद्यापीठाच्या आश्रयाने राजर्षी शाहूंची कागदपत्रं खंडाखंडाने बाहेर आली. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचा इतिहास मराठीत लिहिला, तो नागपूर विद्यापीठाने प्रकाशित केला. यातला एकही ग्रंथ बाजाराच्या भरवशावर निघाला नसता. म्हणूनच तो विद्यापीठांनी काढायचा होता आणि त्यांनी काढला.

मग बिघडलं कुठं? पुस्तकाची किंमत गुणांत मोजायला लागलो तिथं बिघडलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीपासून प्राध्यापकाची बढती एपीआयच्या, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकाच्या, गुणांवर टांगली गेली. पुस्तकाला गुण, पुस्तकाला आयएसबीएन असला की झालं. जिल्ह्याजिल्ह्यांत पैसे घेऊन महिन्याभरात पुस्तक छापून देणारी दुकानं उभी राहिली. पन्नास प्रती छापायच्या, दोन फायलीला लावायच्या, उरलेल्या पाहुण्यांना वाटायच्या. ना संपादक, ना मुद्रितशोधक, ना दुसऱ्या जाणकाराने हस्तलिखित वाचून दिलेला अभिप्राय. विद्यापीठाचं स्वतःचं प्रकाशन जागं असतं तर प्राध्यापकाने दुकानात का गेलं असतं? दुसरीकडे खऱ्या कष्टाने, गावोगाव फिरून लिहिलेले प्रबंध काळ्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत ग्रंथालयाच्या तळघरात पडून आहेत. कोणाचा झाडीपट्टीच्या दंडारीवर, कोणाचा कोरकूंच्या गाण्यांवर. ज्या बाईने ती गाणी सांगितली, तिला कागदावर आलेलं आपलं नाव कधी बघायला मिळालं नाही.

इतरांनी काय केलं ते ऐका. मैमनसिंग हा पूर्व बंगालचा भाग. तिथल्या खेड्यांतून चंद्रकुमार दे नावाचा गरीब माणूस लोकगीतं जमवत हिंडत होता. बंगाली साहित्याचे अभ्यासक दिनेशचंद्र सेन यांनी त्याला हेरलं, कलकत्ता विद्यापीठाने त्याला कामावर घेतलं, आणि १९२३ साली 'मैमनसिंह गीतिका' विद्यापीठाने छापली. अडाणी समजल्या गेलेल्या गायकांची काव्यं विद्यापीठाच्या मुद्रेने जगापुढे आली. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ओवी गाणारीच्या नावागावासकट. जगात तोड नसलेलं हे बायकांच्या कवितेचं भांडार. ते विद्यापीठाच्या बाहेर, कार्यकर्त्यांच्या जिद्दीवर उभं राहिलं.

आता मनाला लागणारी गोष्ट सांगतो. तंजावरच्या भोसल्यांचं दप्तर मोडीत आहे, मराठीत आहे. तंजावरला तमिळ विद्यापीठ १९८१ साली स्थापन झालं. त्या विद्यापीठाने त्या मोडी कागदांचं तमिळ भाषांतर करून घेतलं आणि १९८९ साली टिपांसह छापलं. कागद आपले, लिपी आपली, भाषा आपली, आणि कष्ट तमिळ विद्यापीठाचे. त्यांना दूषण देणाऱ्याची जीभ झडो. त्यांनी आपल्या मातीतला इतिहास आपल्या लोकांच्या भाषेत आणला. प्रश्न आपल्याला विचारायचा आहे. कर्नाटकात 'प्रसारांग' हा शब्द विद्यापीठाशी जोडूनच येतो. म्हैसूरचं प्रसारांग आहे, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचं आहे. प्रसार हे विद्यापीठाचं अंग आहे, असं नावातच सांगितलं आहे. आपल्या विद्यापीठांच्या अंगाला हा अवयव उरला आहे का?

उत्तरं मला माहीत आहेत. चार सबबी सांगितल्या जातात. एकेकीचा समाचार घेतो.

पहिली सबब पैशाची. ज्या विद्यापीठाला स्वागतकमानी, शोभिवंत कारंजी आणि दीक्षांत समारंभाचे मांडव परवडतात, त्याला दोन संपादक आणि एक मुद्रितशोधक परवडत नाही, हे मला कोणी पटवून देऊ नये.

दुसरी सबब, वाचक नाहीत. असं म्हणणाऱ्याने धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर यावं. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल घेतलेली बाई पुस्तकाच्या दुकानापुढे रांगेत उभी असते. कनवटीची नोट काढून ती बाबासाहेबांचा ग्रंथ घेते. तिच्यासाठी राज्य सरकारने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले, संपादक वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. आणि त्याच खंडांची छपाई रखडली म्हणून २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाचक रांगेत होता, पुस्तक नव्हतं. वाचक नाहीत हे वाक्य यापुढे कुठल्याही कुलगुरूने उच्चारू नये.

तिसरी सबब, खाजगी प्रकाशक आहेत, संशोधक मंडळं आहेत. आहेत, आणि त्यांचे उपकार आपण सात जन्मांत फेडू शकणार नाही. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' विद्यापीठाच्या पगारावर काढली नाहीत. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोश स्वतःचं मंडळ उभारून काढला. पण त्यांच्या दारिद्र्याचे पोवाडे गाऊन विद्यापीठाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. एका माणसाच्या तपश्चर्येवर चाललेलं काम त्या माणसाबरोबर थांबतं. संस्था असते ती माणूस गेल्यावर काम चालू राहावं म्हणून.

चौथी सबब नवी आहे. आता सगळं संगणकावर टाकू, म्हणतात. टाका, जरूर टाका. पण तिरकं स्कॅन केलेलं, शोधता न येणारं, दुव्यावर बोट ठेवलं तरी उघडत नाही असं पान म्हणजे गोदामाची दुसरी खिडकी आहे. अंतर तेच दहा फुटांचं.

सबबी संपल्या, आता इतिहास बघा. भारतात छापखाना उतरला तो १५५६ साली गोव्यात, आणि बसवला गेला सेंट पॉल कॉलेजात. मराठीचं छापील व्याकरण १८०५ साली बंगालातल्या श्रीरामपूरला निघालं. ते लिहिणारे विल्यम केरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत होते आणि त्यांना भाषा सांगणारे वैजनाथ पंडित मूळचे आपल्या नागपूरकडचे. म्हणजे विद्यालय आणि छापखाना ही जोडी या देशात पहिल्या दिवसापासूनची आहे. १८५७ ला निघालेल्या मुंबई विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून मराठी बाहेर काढली, तेव्हा तिला परत आत आणायला न्यायमूर्ती रानडे झगडले. आज मराठी अभ्यासक्रमात आहे. तिची पुस्तकं बाहेर आणण्याचा झगडा आपल्या वाट्याला आला आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. मी त्या विद्यापीठाला या व्यासपीठावरून सांगतो, प्रशासकीय भवनाच्या आधी प्रकाशन विभाग उभारा. राज्यातल्या सगळ्याच विद्यापीठांकडे माझ्या मागण्या चार आहेत. आजवर छापलेला एकही ग्रंथ 'उपलब्ध नाही' राहता कामा नये, दहा प्रतींची मागणी आली तरी दहा छापून देण्याची सोय आज आहे. प्रकाशन विभागात पूर्णवेळ संपादक आणि मुद्रितशोधक नेमा, दुसऱ्या कामातून उसनवारीवर आणलेला माणूस चालणार नाही. दरवर्षी निवडक प्रबंध संपादित करून मराठीत छापा. आणि गोंडी, कोरकू, कोलामी, झाडीबोली, वऱ्हाडी यांतली कविता छापताना सांगणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर घ्या, मानधन त्याच्या घरी पोचवा.

संमेलनात ठराव होतात आणि ठरावांच्या फायली होतात. म्हणून मी ठराव मांडत नाही, तुमच्याकडे काम मागतो. या मांडवात चारशे माणसं तरी असतील. उद्या सकाळी प्रत्येकाने एक पत्र लिहायचं. आपापल्या विद्यापीठाच्या प्रकाशनांची यादी मिळवायची, त्यातलं एक पुस्तक निवडायचं आणि कुलसचिवांना कळवायचं: मला हा ग्रंथ विकत हवा आहे, किंमत आणि टपालखर्च कळवा, पैसे तयार आहेत. उत्तर आलं नाही तर महिन्याने दुसरं पत्र. त्यालाही उत्तर आलं नाही तर आपण सगळे मिळून त्या जिन्याखालच्या खिडकीपाशी जाऊ, आणि पुस्तक हातात पडेपर्यंत रांग मोडणार नाही. माझं पत्र मी लिहून आणलं आहे. या झेरॉक्सच्या मूळ ग्रंथाची एक प्रत मी मागितली आहे. आज इथून निघालो की ते पेटीत टाकणार आहे.