पाळी लवकर थांबली, तर यकृताचं काय?

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांवर गाळप सुरू झालं, की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीडमधल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अनेकींची तर चाळिशीआधीच!

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, की इस्ट्रोजेन एकदम आटतं. हे संप्रेरक नुसतं पाळीपुरतं नसतं, बरं का. ते स्नायूंना आणि यकृताला इन्सुलिनचं ऐकायला लावतं, चरबी पोटाऐवजी मांड्यांकडे वळवतं. ते गेलं, की रक्तात इन्सुलिन भरपूर, पण त्याला दाद कुणी देत नाही. यकृतात चरबी साचते, सूज येते. मग तिथल्या ताराकृती पेशी जाग्या होऊन कोलॅजनचे धागे विणू लागतात. तेच यकृतावरचे वण. एरवी पाळी जाईपर्यंत बायकांना पुरुषांपेक्षा हा धोका कमी असतो. इथे ती सवलत आधीच संपते.

दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. वय, प्लेटलेट आणि यकृताच्या दोन एन्झाइमांवरून वणांचा पहिला अंदाज डॉक्टरांना बांधता येतो. एवढ्यासाठी साधी रक्ततपासणी पुरते.